चैत्रातल्या एका तारखेचा हवामान-दिनविशेष कसा तयार करावा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कितीतरी गृहसंकुलांत, शाळांत आणि वाचनालयांत दिनविशेषाचा फळा रोज लिहिला जातो. त्यावर जयंत्या, पुण्यतिथ्या, शोध आणि लढाया असतात. हवामानाची घटना मात्र क्वचित असते, आणि असलीच तर ती २६ जुलैची असते. मार्च ते मे हा काळ, ज्याला वेधशाळा मान्सूनपूर्व काळ म्हणते, आपल्या फळ्यांवर हवामानाच्या दृष्टीने कोराच जातो. वास्तविक याच दिवसांत भारतीय उपखंडाने जगातल्या सर्वांत प्राणघातक घटनांपैकी काही सोसल्या आहेत. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद परिसरात झालेल्या गारपिटीत २४६ माणसे दगावली, आणि गारपिटीतील सर्वाधिक मृत्यूंची घटना म्हणून जागतिक हवामान संघटनेने तीच मान्य केली आहे. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात आलेल्या टोर्नेडोने सुमारे १,३०० बळी घेतले. २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगावच्या किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळात मृतांची संख्या सव्वा लाखाच्या वर गेली. आणि भारतातले आजवरचे सर्वाधिक मान्य तापमान, ५१ अंश सेल्सिअस, राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदले गेले.

अशा घटनांचा दिनविशेष नीट कसा तयार करावा, याची पद्धत येथे १४ एप्रिल ही एकच तारीख घेऊन दाखवली आहे. या कामात आकडा आणि आपत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फळ्यावर त्या दोन्ही, पण वेगवेगळ्या, दिसल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. विक्रमी तापमानाच्या दिवशी कोणीही दगावलेले नसू शकते, आणि विक्रमाच्या जवळपासही न गेलेल्या दिवशी माणसे मरू शकतात. खारघरच्या घटनेकडे पुढे येऊ, तेव्हा हे अधिक स्पष्ट होईल.

तारीख आणि ऋतू

नोंदवही इंग्रजी तारखेप्रमाणे ठेवावी. चैत्रातली तिथी दरवर्षी मागेपुढे होते आणि अधिक मासाच्या वर्षी ती बरीच सरकते. सूर्याची उंची, दिवसाची लांबी आणि जमिनीचे तापणे या गोष्टी तिथीनुसार नव्हे, तर सौर वर्षानुसार चालतात. ज्यांना भारतीय पद्धतीच जवळची वाटते, त्यांनी राष्ट्रीय सौर दिनांक द्यावा, कारण तो ऋतूशी बांधलेला आहे. १४ एप्रिल म्हणजे साधारण वर्षात सौर २४ चैत्र.

तारीख घटना जेथे घडली तेथील स्थानिक धरावी. अमेरिकेत १४ एप्रिलच्या दुपारी उठलेले वादळ आपल्या घड्याळानुसार १५ एप्रिलच्या पहाटेचे ठरते, पण त्यामुळे त्याची तारीख बदलू नये. दुसरी खबरदारी गोलार्धाची आहे. दक्षिण गोलार्धात एप्रिल हा शरद ऋतूतला महिना असतो, त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या घटनेला वसंतातली घटना म्हणता येत नाही. ती घ्यायचीच असेल तर ऋतूचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावी.

सुरुवात आपल्या परिसरापासून करावी

जगातली यादी शोधायला बसण्याआधी आपल्या भागातल्या नोंदी काढाव्यात. ठाण्याच्या वाचकाला जवळची आणि दीर्घ काळ चालू असलेली केंद्रे म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ. कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ ची, म्हणजे १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागापेक्षाही जुनी. हवामान विभाग प्रत्येक केंद्राची महिनावार सरासरी आणि विक्रमांची कोष्टके प्रसिद्ध करतो, आणि रोजच्या जुन्या नोंदी पुण्यातील कार्यालयाकडे मागणी करून मिळवता येतात. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हा मार्ग अवश्य वापरावा, कारण वर्तमानपत्रातल्या ‘दहा वर्षांतले सर्वाधिक’ या शब्दांमागे कोणती दहा वर्षे आणि कोणते केंद्र आहे, हे त्याशिवाय कळत नाही.

या कोष्टकांतच १४ एप्रिलची आपली पहिली नोंद मिळते. १४ एप्रिल १९५२ रोजी सांताक्रूझला कमाल तापमान ४२.२ अंशांवर गेले होते. तेथील एप्रिलचे सरासरी कमाल तापमान साधारण ३३ अंशांच्या घरात असते, म्हणजे त्या दिवशी पारा सरासरीच्या सुमारे नऊ अंश वर होता. किनारपट्टीवरील केंद्रात कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वर गेले, की उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो; मैदानी भागासाठी हीच किमान मर्यादा ४० अंशांची आहे. फळ्यावर नुसते ‘४२.२’ लिहिले तर नागपूरहून आलेल्या पाहुण्याला त्यात विशेष काहीच वाटणार नाही. शेजारी सरासरी दिली, तर तोच आकडा बोलू लागतो.

कारणही एका वाक्यात द्यावे. कोकण किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि चढणारा पारा तेथेच थोपवतात. ज्या दिवशी पूर्वेकडून, तापलेल्या जमिनीवरून येणारे वारे जोरात असतात, त्या दिवशी खारे वारे उशिरा आत येतात, आणि तेवढ्या एक-दोन तासांत तापमान झपाट्याने वर जाते. ठाण्यापर्यंत पोहोचायला या वाऱ्यांना साष्टीची रुंदी आणि येऊरचे डोंगर ओलांडावे लागतात. त्यामुळे कुलाब्याला सुखद झुळूक सुरू झालेली असते, तेव्हा कळवा, ऐरोली किंवा घणसोलीला हवा अजून तापलेलीच असू शकते. म्हणूनच सांताक्रूझचा आकडा ‘ठाण्याचा’ म्हणून लिहू नये. दोन केंद्रांत किती अंतर पडू शकते, याचे टोकाचे उदाहरण पावसाळ्यातले आहे: २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर.

पावसाच्या नोंदीत तारखेचा एक घोळ नेहमी होतो. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे १४ एप्रिलच्या रात्री पडलेला अवकाळी पाऊस १५ एप्रिलच्या सकाळच्या नोंदीत दिसतो. कोष्टकातला आकडा घेताना तो कोणत्या चोवीस तासांचा आहे, हे पाहूनच तो फळ्यावर न्यावा.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घटनांसाठी ठाण्यात बसून बरेच काम होते. १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय शहरातच आहे, आणि १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर महाजालावर उपलब्ध आहे. त्यात मे १६१८ मध्ये वसईला झोडपून काढणाऱ्या वादळाची हकिकत आहे. तो जिल्हा म्हणजे आजचा ठाणे जिल्हा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. वसई २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, म्हणून जुन्या नोंदीत गावाचे नाव लिहावे, केवळ जिल्ह्याचे नको.

आकडा कसा मोजला गेला

तापमानाची खरी नोंद म्हणजे सावलीतली नोंद. वेधशाळेच्या आवारात झडपांची एक पांढरी लाकडी पेटी असते, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, आणि आपल्याकडे तिचे दार उत्तरेकडे उघडते, जेणेकरून ते उघडले तरी थेट ऊन आत येऊ नये. आत कमाल तापमापक जवळजवळ आडवा ठेवलेला असतो. त्याच्या नळीला फुग्याजवळ बारीक आवळ असते. पारा चढताना तीतून पुढे जातो, पण हवा निवली तरी मागे येत नाही, ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरप्रमाणे. निरीक्षक आकडा वाचतो आणि मग तापमापक झटकून पारा खाली आणतो. गाडीच्या पडद्यावरचे ४५, गच्चीत टांगलेल्या काट्यावरचे ४७ किंवा मोबाइलवर दिसणारे ‘जाणवणारे तापमान’ या पद्धतीने मोजलेले नसते, त्यामुळे ते दिनविशेषात येऊ नये. मोबाइलवरचा आकडा तर बहुधा मोजलेला नसून संगणकीय प्रारूपाने काढलेला असतो.

अधिकृत केंद्राचाही आकडा काही वेळा मागे घ्यावा लागतो. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि तो आकडा जगभर पोहोचला. पुढे हवामान विभागाच्या तपासणीत तेथील संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. लिबियातील अल अझिझिया येथील १९२२ सालचा ५८ अंशांचा जागतिक विक्रम तर नव्वद वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकून होता, आणि २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने तो रद्द केला. यावरून एक साधा नियम पाळावा: विक्रम म्हणून सांगितलेला आकडा ज्या दिवशी घडला त्या दिवसाच्या बातमीवरून घेऊ नये, तर काही काळ गेल्यानंतरच्या अधिकृत नोंदीवरून घ्यावा.

जी घटना घडलीच नाही

दिनविशेषाच्या तयार याद्यांत ‘६ जून १८८२, मुंबईचे महाचक्रीवादळ, एक लाख मृत’ ही नोंद हमखास सापडते. तारीख वसंताच्या थोडी पुढची आहे, पण घटना आपल्या दारातली असल्यामुळे येथे थांबणे आवश्यक आहे. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ७ लाख ७३ हजार होती. एक लाख माणसे गेली असती, तर दर आठ मुंबईकरांमागे जवळजवळ एक गेला असता. त्या वेळी शहरात कुलाबा वेधशाळा चालू होती, इंग्रजी व मराठी वर्तमानपत्रे निघत होती, आणि ठाण्यातूनही १८६६ पासून ‘अरुणोदय’ प्रसिद्ध होत होते. असे असूनही संशोधकांना त्या काळच्या वृत्तपत्रांत किंवा हवामानाच्या नोंदींत या संहाराचा पुरावा मिळालेला नाही, आणि ही घटना घडलीच नसावी असे आता मानले जाते. एका यादीतून दुसरीत अशी ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहे.

म्हणून जुन्या घटनेला तीन प्रश्न विचारावेत. त्याच आठवड्यातल्या वर्तमानपत्रात ती आहे का? जवळच्या वेधशाळेच्या नोंदीत दाब, वारा किंवा पाऊस तसे सांगतो का? आणि मृतांचा आकडा त्या गावाच्या तेव्हाच्या लोकसंख्येशी जुळतो का? तिन्ही ठिकाणी शुकशुकाट असेल, तर नोंद कितीही आकर्षक असली तरी ती गाळावी. असे गाळण्यात हळहळ वाटते हे खरे, पण शाळेतल्या फळ्यावरचे वाक्य मुले परीक्षेत लिहितात, हे विसरून चालणार नाही.

जगातला १४ एप्रिल

स्थानिक नोंद पक्की झाल्यावर बाहेर पाहावे. १४ एप्रिल या बाबतीत विलक्षण भरगच्च तारीख आहे.

१९३५ साली या दिवशी रविवार होता. अमेरिकेच्या मध्य पठारावर, ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या उत्तर भागात धुळीची एक काळी भिंत उठली आणि भर दुपारी अंधार झाला. तो दिवस तेथे ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. पाऊस अनेक वर्षे कमी पडला होता हे त्याचे अर्धे कारण. उरलेले अर्धे असे, की गव्हासाठी मैलोन्‌मैल गवताळ जमीन नांगरून उघडी केली गेली होती आणि माती धरून ठेवणारी मुळे उरली नव्हती. त्याच महिन्यात, २७ एप्रिल १९३५ रोजी, अमेरिकेत मृदासंधारणाचा कायदा झाला. घटनेनंतर काय बदलले, हे सांगता येत असेल तर ते अवश्य सांगावे. वाचक फळ्यासमोर क्षणभर अधिक थांबतो तो अशाच ओळीसाठी.

१९८६ साली याच तारखेला बांगलादेशातील गोपालगंज येथे गारपीट झाली आणि तीत ९२ जण मृत्युमुखी पडले. तेथील एका गारेचे वजन १.०२ किलो भरले. विश्वासार्ह नोंद असलेली ती जगातली सर्वांत जड गार आहे. बंगालमध्ये या दिवसांतल्या वादळांना कालबैसाखी म्हणतात. बंगालच्या उपसागरावरची दमट हवा खालून आत शिरते, वरच्या थरांत पश्चिमेकडून कोरडी हवा येते, आणि दुपारच्या उन्हाने तापलेली खालची हवा एकदम उसळून वर जाते. उसळी जितकी जोरदार, तितका वेळ गार ढगात तरंगत राहते आणि तिच्यावर बर्फाचे थर चढत जातात. आपल्याकडे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा आणि विदर्भाच्या शेतांचे गारपिटीने जे हाल केले, त्याच्या मुळाशीही दमट आणि कोरड्या हवेची अशीच गाठ होती.

१९९९ ची नोंद सिडनीची आहे. संध्याकाळी आलेल्या वादळाने शहराच्या पूर्व भागात नऊ सेंटिमीटर व्यासापर्यंतच्या गारा पाडल्या, हजारो घरांची छपरे फोडली, आणि विम्याच्या भरपाईच्या दृष्टीने ती ऑस्ट्रेलियातील सर्वांत महागड्या आपत्तींपैकी एक ठरली. गारपिटीच्या मानाने हा अवेळी दिवस होता. नोंदीपुढे ‘तेथे शरद ऋतू’ एवढे तीन शब्द लिहिले की पुरे.

आकड्यात न दिसणारी आपत्ती

आता खारघर. १६ एप्रिल २०२३ रोजी, रविवारी, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक तेथील मैदानावर जमले होते, आणि श्रोत्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. परिसरातल्या केंद्रावर त्या दिवशी तापमान सुमारे ३८ अंश होते. विक्रमांच्या कोष्टकात हा दिवस कोठेही नाही. तरी उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला.

खाडीकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. त्यावर थेट ऊन, काही तास एका जागी बसणे, पाण्यापर्यंत पोहोचू न देणारी गर्दी आणि वय, या सगळ्याची बेरीज सावलीत मोजलेल्या ३८ या आकड्यात येत नाही. या घटनेनंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत खुल्या जागेतील कार्यक्रम न घेण्याचा निर्णय जाहीर केला. नवी मुंबईतल्या फळ्यावर ही नोंद दरवर्षी १६ एप्रिलला आली पाहिजे, असे मला मनापासून वाटते; मृतांची संख्या, तापमान आणि उघडे मैदान या तीन गोष्टी एका वाक्यात येतील अशी ती लिहावी.

१३ मे २०२४ ची नोंदही याच प्रकारातली. त्या दुपारी धुळीचे वादळ ठाणे आणि नवी मुंबईवरूनही गेले, पण १७ जण गेले ते घाटकोपरला, पेट्रोल पंपावर कोसळलेल्या अवाढव्य होर्डिंगखाली. अशा घटनेत वाऱ्याच्या वेगाबरोबर काय कोसळले, तेही लिहिले नाही, तर नोंद अपुरी राहते.

आपली स्वतःची नोंद

फळा लिहिणाऱ्याने त्या दिवसाच्या हवेची एक ओळ वहीत लिहावी: वेधशाळेचे कमाल तापमान, खारे वारे अंदाजे किती वाजता जाणवले, आभाळ. मुरबाड-शहापूरकडे किंवा आपल्याकडे गारा पडल्या तर पाऊस व विजा पूर्ण थांबल्यावरच बाहेर जावे, मोठी गार प्लास्टिकच्या पिशवीत घालून लगेच बर्फाच्या खणात ठेवावी, आणि फूटपट्टी शेजारी ठेवून बरोबर वरून छायाचित्र घ्यावे. ‘लिंबाएवढी’ किंवा ‘बोराएवढी’ या वर्णनावरून पुढच्या पिढीला काहीच मोजता येत नाही. सर्वांत लांब बाजू मिलिमीटरमध्ये लिहावी, वेळ लिहावी, इमारतीचे नाही तरी निदान परिसराचे नाव लिहावे.

फळ्यावरचा मजकूर

सारे साहित्य हाती आल्यावर मोह आवरावा. चार नोंदींच्या वर फळा वाचला जात नाही. स्थानिक नोंद सर्वांत वर, मग काळाच्या क्रमाने इतर. १४ एप्रिलच्या फळ्यावर मी स्वतः असे लिहीन:

‘१९५२ – सांताक्रूझ येथे कमाल तापमान ४२.२ अंश, एप्रिलच्या सरासरीपेक्षा सुमारे ९ अंश अधिक.
१९३५ – अमेरिकेत धुळीचे प्रचंड वादळ, काळा रविवार. अवर्षण आणि नांगरून उघडी पडलेली जमीन ही कारणे.
१९८६ – गोपालगंज, बांगलादेश : गारपिटीत ९२ मृत, १.०२ किलो वजनाच्या गारेची नोंद.
१९९९ – सिडनी (तेथे शरद ऋतू) : ९ सेंटिमीटरपर्यंतच्या गारा, हजारो घरांचे नुकसान.’

हा दिवस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचा आहे, आणि उत्सव १३ तारखेच्या मध्यरात्रीच सुरू होतो. दुसऱ्या दिवशी ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी अशा सर्वत्र मिरवणुका निघतात, त्यांत लहान मुले आणि वयस्कर माणसे भर उन्हात चालतात. म्हणून या तारखेचा फळा १३ एप्रिलच्या संध्याकाळीच लावावा, आणि चार नोंदींखाली उद्याचा वेधशाळेचा अंदाज, मिरवणुकीच्या वाटेवरील पाणपोया आणि सावलीच्या जागा, तसेच रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा. चक्कर, मळमळ किंवा असंबद्ध बोलणे दिसताच त्या व्यक्तीला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी न घालता १०८ ला फोन करावा, एवढ्या सूचनेसाठी खालची जागा आधीच मोकळी ठेवावी.